अंतर एक, वाटा अनेक : तात्यापाऱ्यापासून सिंगापूरपर्यंत

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाची संहिता)



शाळेच्या अंकगणिताच्या पुस्तकात एक उदाहरण हमखास असते. एक आगगाडी ताशी अमुक किलोमीटर वेगाने निघाली, दोन स्थानकांमधील अंतर तमुक किलोमीटर आहे, तर ती किती वेळात पोहोचेल? अंतराला वेगाने भागायचे, उत्तराखाली दुहेरी रेघ मारायची आणि वही गुरुजींपुढे ठेवायची. याच शाळेच्या बाकांवर बसून साठ वर्षांत किती मुलांनी ते उदाहरण सोडवले असेल, याची गणती नाही. पुढे ही मुले मोठी झाली, खऱ्या प्रवासाला लागली आणि त्यांच्या ध्यानात आले की वहीतले उत्तर प्रत्यक्षात कधीच जुळत नाही. अंतर तेवढेच राहते, वेळ मात्र निराळा निघतो. आजच्या व्याख्यानाचा विषय हे न जुळणारे उत्तर हाच आहे. आशिया खंडातील दोन शहरांमधले हवाई अंतर किती, विमानाने तेथे पोहोचायला वेळ किती लागतो, आणि या दोहोंच्या मध्ये जी फट राहते ती कशाने भरलेली असते, याचा हा विचार आहे. उदाहरणासाठी घेतलेली शहरे आहेत रायपूर आणि सिंगापूर.

आरंभ मात्र तात्यापाऱ्यापासून करणे उचित होईल. ‘तात्या’ हे मराठी घरातले संबोधन आणि ‘पारा’ हा वस्तीसाठी वापरला जाणारा छत्तीसगढी शब्द. या दोहोंच्या जोडणीतच या भागातील मराठी माणसाचा इतिहास साठवला आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत यांची स्वारी रतनपुरावर झाली, पुढे १७५८ पासून बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून छत्तीसगढाचा कारभार पाहिला, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत या प्रदेशाचा नागपूरशी संबंध अखंड राहिला. त्या काळात आणि त्यानंतरही कारभार, वकिली, शिक्षकी, रेल्वे अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. ती आली त्या वेळी नागपूर ते रायपूर हे सुमारे तीनशे किलोमीटरचे अंतर बैलगाडीचे होते. दिवसाकाठी वीस-बावीस किलोमीटरची मजल धरली, तर वाटेत दोन आठवडे जात.

हा हिशेब केवळ कल्पनेचा नाही. १८७७ मध्ये चौदा वर्षांचा एक मुलगा कलकत्त्याहून रायपुरास आला. त्याचे वडील विश्वनाथ दत्त वकिलीच्या कामानिमित्त येथे राहत होते. मुलाचे नाव नरेंद्र. जग त्याला पुढे स्वामी विवेकानंद म्हणून ओळखू लागले. कलकत्ता ते रायपूर हे सरळ रेषेतले अंतर सुमारे सातशे किलोमीटर. परंतु त्या काळी रायपूरपर्यंत लोहमार्ग नव्हता. म्हणून ते कुटुंब रेल्वेने अलाहाबाद, जबलपूर या वाटेने नागपुरास पोहोचले, आणि तेथून बैलगाडीने पंधराहून अधिक दिवस जंगलातून प्रवास करीत मागे पूर्वेकडे रायपुरास आले. पूर्वेकडचा प्रवासी रायपूर ओलांडून पश्चिमेला गेला आणि मग उलट फिरून मुक्कामी आला. आज माना येथील विमानतळाला स्वामी विवेकानंदांचेच नाव आहे, आणि या विमानतळावरून परदेशी जाणाऱ्या प्रवाशावर पुष्कळदा हाच प्रसंग येतो. तो पुढे पाहू.

या प्रवासानंतर थोड्याच वर्षांत चित्र पालटले. १८८० च्या दशकाच्या आरंभी नागपूरपासून राजनांदगावपर्यंत अरुंद रुळांची गाडी आली. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली. तिने तो मार्ग रुंद केला आणि रायपूर-बिलासपूरवरून पुढे नेला. दोन आठवड्यांचा प्रवास एका दिवसाच्या आत आला. आज तो साडेचार-पाच तासांचा आहे. नागपूर जागचे हलले नाही, रायपूरही हलले नाही. अंतराचा आकडा बदलला नाही. बदलली ती वाट. पहिला धडा एवढाच, की अंतर भूगोल ठरवतो आणि वेळ वाट ठरवते.

आता अंतर म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून दोन शहरे जोडली, तर ती रेषा सर्वांत जवळची वाटते. पृथ्वी मात्र गोल आहे. शाळेतल्या पृथ्वीगोलावर एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत दोरा ताणून धरला, तर तो दोरा ज्या वाटेने बसतो ती खरी जवळची वाट. तिला बृहद्‌वृत्ताचा मार्ग म्हणतात. दिल्ली आणि टोकियो यांच्यामध्ये असा दोरा ताणला, तर अंतर सुमारे ५,८५० किलोमीटर भरते. गंमत अशी, की टोकियो दिल्लीपेक्षा उत्तरेला असले तरी या दोऱ्याचा मध्यबिंदू टोकियोच्याही किंचित उत्तरेला पडतो. सपाट नकाशावर ही वाट वळसा घातल्यासारखी दिसते. गोलावर तीच सरळ असते. कोणत्याही दोन शहरांतले हवाई अंतर म्हणून जो आकडा सांगितला जातो, तो या ताणलेल्या दोऱ्याचा असतो.

विमान त्या दोऱ्यावरून जातेच असे नाही. दिल्ली-टोकियो हा दोरा तिबेटच्या पठारावरून जातो. त्या पठाराची सरासरी उंची चार हजार मीटरांहून अधिक आहे. आकाशात विमानाच्या आतील हवेचा दाब अचानक कमी झाला, तर प्रवाशांना मुखवट्यातून मिळणारा प्राणवायू थोडी मिनिटेच पुरतो. तेवढ्या अवधीत वैमानिकाला सुमारे तीन हजार मीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. खाली जमीनच चार-साडेचार हजार मीटर उंच असेल, तर उतरायचे कोठे? म्हणून प्रवासी विमाने सामान्यतः या पठाराला दक्षिणेकडून वळसा घालून म्यानमार आणि दक्षिण चीनच्या बाजूने जातात. जवळची वाट ठाऊक असूनही लांबची घेणे हे येथे शहाणपणाचे लक्षण ठरते.

याच वाटेवर वाऱ्याचाही भाग आहे. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा एक अरुंद, जोरदार प्रवाह असतो. त्याला जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात जपानच्या वर त्याचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्या पलीकडे सहज जातो. तातेनो येथील वेधशाळेचे प्रमुख वासाबुरो ओइशी यांनी १९२० च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्याची मोजणी केली. जगभरच्या शास्त्रज्ञांना आपला अहवाल वाचता यावा, या हेतूने त्यांनी तो एस्पेरांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केला. पण ती भाषा वाचणारे थोडेच असल्यामुळे जपानबाहेर त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या अखेरीस, जपानवर आलेल्या अमेरिकी वैमानिकांना हा वारा प्रत्यक्ष सामोरा आला, तेव्हा त्याचे महत्त्व सर्वांना उमगले.

वाऱ्याचा परिणाम वहीतल्या उदाहरणासारखा मांडता येतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० किलोमीटर आहे आणि सर्व वाटभर ताशी १०० किलोमीटरचा वारा आहे, असे समजू. वारा पाठीशी असेल तर जमिनीवरून मोजलेला वेग ९५० होतो आणि ५,८५० किलोमीटर जायला सहा तास दहा मिनिटे लागतात. वारा समोरून असेल तर वेग ७५० वर येतो आणि तेच अंतर सात तास अठ्ठेचाळीस मिनिटे घेते. वारा मुळीच नसता, तर दोन्ही वेळी सहा तास त्रेपन्न मिनिटे लागली असती. म्हणजे जाताना त्रेचाळीस मिनिटे वाचली आणि येताना पंचावन्न मिनिटे गेली. वारा जेवढे देतो त्याहून थोडे अधिक परत घेतो. कारण प्रतिकूल वाऱ्यात विमान जास्त वेळ राहते. प्रत्यक्षात वळसे, धावपट्टीकडे जाणे, चढणे-उतरणे हे सारे मिळवून दिल्लीहून टोकियोस जायला साधारण साडेसात-आठ तास आणि परतायला नऊ ते दहा तास लागतात. वेळापत्रकात जो वेळ छापलेला असतो तो विमान फाटकापासून हलल्यापासून दुसऱ्या फाटकाशी थांबेपर्यंतचा असतो. प्रवाशाच्या घराच्या उंबरठ्यापासून दुसऱ्या उंबरठ्यापर्यंतचा वेळ त्यात येत नाही.

डोंगर आणि वारा ही निसर्गाची कारणे झाली. परंतु आशियात असेही एक शहरांचे जोड आहे, की ज्यांच्यामध्ये डोंगर नाही, वाऱ्याची विशेष अडचण नाही, अंतरही थोडे आहे, आणि तरी वाट लांब झाली आहे. ते जोड म्हणजे कराची आणि मुंबई. १९३६ पर्यंत सिंध प्रांत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीत मराठी कुटुंबे होती, मराठी शिक्षक होते. मुंबई इलाख्याच्या सेवेतील शिक्षणाधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा त्या शहरात आजही आहे. या दोन शहरांमध्ये आगबोटी चालत. भारतीय नागरी विमान वाहतुकीचा पहिला पानभर इतिहासही याच वाटेवर लिहिला गेला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीचे एक इंजिन असलेले छोटे विमान टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून उडवले. अहमदाबादेस ते इंधनासाठी उतरले; त्या विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आणले होते. सकाळी कराचीहून निघालेले ते विमान दुपारी मुंबईत जुहूच्या सपाटीवर पोहोचले. पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी तीच वाट पुन्हा एकट्याने पार केली.

कराची ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे पावणेनऊशे किलोमीटर, म्हणजे रायपूर-मुंबईपेक्षाही किंचित कमी. आजच्या जेट विमानाला ते दीड तासाचेही काम नाही. पण गेली काही वर्षे भारत आणि पाकिस्तान यांच्यामध्ये थेट प्रवासी विमान नाही. मुंबईहून कराचीस जाऊ इच्छिणाऱ्याने प्रवेशपत्र मिळवले, तरी त्याला बहुधा दुबईवरून जावे लागते. मुंबई-दुबई सुमारे १,९०० आणि दुबई-कराची सुमारे १,२०० किलोमीटर. एकूण ३,१०० च्या आसपास. पस मॉथसारख्या खेळण्यावजा विमानाला १९३२ मध्ये जेवढा वेळ लागला, त्याहून जास्त वेळ आज बलाढ्य जेट विमानाच्या प्रवाशाला लागतो. येथे वाट अडवणारी गोष्ट निसर्गाची नाही, माणसांची आहे. जे माणसांनी लांब केले ते माणसांना जवळही करता येते, एवढी आशा या उदाहरणातून घेण्यासारखी आहे.

आता रायपूर आणि सिंगापूर. या दोन शहरांमध्ये पृथ्वीगोलावर दोरा ताणला, तर तो सुमारे ३,२७० किलोमीटरचा भरतो. मुंबईपासून सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. म्हणजे अंतराच्या हिशेबाने तात्यापाऱ्यातील घर दादरच्या घरापेक्षा सिंगापुरास सहाशेहून अधिक किलोमीटरने जवळ आहे. थेट विमान असते, तर चढ-उतार धरून सव्वाचार ते साडेचार तासांत प्रवास झाला असता. तसे थेट विमान आज नाही. म्हणून प्रवाशापुढे वाटा उरतात त्या दुसऱ्या शहरावरून जाणाऱ्या.

एक वाट मुंबईवरून. रायपूर ते मुंबई सुमारे ९५० किलोमीटर, तेही पश्चिमेकडे, म्हणजे सिंगापूरच्या विरुद्ध दिशेला. तेथून ३,९००. एकूण ४,८५० किलोमीटर. रायपूर-मुंबई पावणेदोन-दोन तास, मुंबई-सिंगापूर सव्वापाच ते पावणेसहा तास; आकाशातील वेळ सात-साडेसात तास. दुसरी वाट कोलकात्यावरून. रायपूर ते कोलकाता सुमारे ७१० आणि कोलकाता ते सिंगापूर सुमारे २,९०० किलोमीटर, एकूण ३,६१०. ही वाट दोऱ्याच्या बरीच जवळ आहे आणि आकाशातील वेळ साडेपाच-सहा तासांत आटोपतो. तरीही कोलकात्याची वाटच लवकर पोहोचवील असे खात्रीने म्हणता येत नाही. कारण आकाशातील वेळेपेक्षा मोठा असतो तो दोन विमानांमधला वेळ. एका शहरातून दिवसाला एकच विमान असेल आणि ते चुकले, तर कमी अंतराची वाट चोवीस तासांनी लांबते. दुसऱ्या शहरातून अनेक विमाने असतील, तर लांबची वाटही आधी पोहोचवते. १८७७ मध्ये दत्त कुटुंब रायपूर ओलांडून नागपुरास गेले ते याच कारणाने. गाडी जेथपर्यंत होती तेथपर्यंत जाणे भाग होते. साधने बदलली, वेग कितीतरी पटींनी वाढला. पण ‘जिथे जोडणी आहे तिकडून जा’ हा नियम तोच राहिला.

या हिशेबात आणखी तास मिळवावे लागतात. आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी तीन तास आधी विमानतळावर असावे, असे प्रवाशाला सांगितले जाते. पारपत्राची तपासणी, सुरक्षा तपासणी, सामान उतरून घेणे, पुन्हा सोपवणे, तात्यापाऱ्याच्या चौकातून मान्यापर्यंतचा रस्ता, आणि तिकडे चांगी विमानतळापासून राहत्या इमारतीपर्यंतचा प्रवास. सारे जमेस धरले, म्हणजे जोडणी उत्तम मिळाली तरी बारा तास आणि तशी न मिळाल्यास अठरा-वीस तास होतात. साडेचार तासांचे अंतर आणि अठरा तासांचा प्रवास. अंकगणिताच्या वहीतले उत्तर येथे चौपट चुकते. तरी गणित चुकलेले नसते. प्रश्नच अपुरा विचारलेला असतो.

आता घड्याळाकडे वळू. सिंगापूरचे घड्याळ भारतापेक्षा अडीच तास पुढे आहे. त्यामुळे तिकिटावरच्या वेळा वाचताना नवख्या प्रवाशाचा गोंधळ होतो. समजा, मुंबईहून मध्यरात्री बारा वाजता निघालेले विमान सिंगापुरास सकाळी आठला पोहोचते आणि सिंगापूरहून रात्री आठला निघालेले विमान मुंबईत अकराला उतरते. कागदावर जाण्याचा प्रवास आठ तासांचा आणि येण्याचा तीन तासांचा दिसतो. वस्तुतः पहिल्यातून अडीच वजा करायचे आणि दुसऱ्यात अडीच मिळवायचे. दोन्ही प्रवास साडेपाच तासांचेच आहेत. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना रेखावृत्ते शिकवताना हे उदाहरण अवश्य द्यावे.

या अडीच तासांमध्येही एक गुपित आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटे पूर्व या रेखावृत्तावरून ठरते, आणि ते रेखावृत्त छत्तीसगढातूनच जाते. रायपूर त्याच्या पश्चिमेला एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे. वर्षाची सरासरी धरली, तर रायपूरचा सूर्य आणि रायपूरचे घड्याळ यांच्यात साडेतीन मिनिटांचाच फरक पडतो. मुंबईत हाच फरक अडतीस-एकोणचाळीस मिनिटांचा आहे; म्हणूनच १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ सुरू झाल्यानंतरही मुंबईकरांनी आपली निराळी ‘बॉम्बे टाइम’ कित्येक दशके सोडली नाही. रायपूरकराला अशी तक्रार करण्याचे कारणच नव्हते. सिंगापूर रायपूरपासून बावीस अंश पूर्वेला आहे. म्हणजे सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत फरक दीड तासाचा. मग घड्याळात अडीच तास कसे? १ जानेवारी १९८२ रोजी मलेशियाने आपल्या सर्व प्रदेशांची वेळ एक करण्यासाठी द्वीपकल्पातील घड्याळे अर्धा तास पुढे केली आणि शेजारच्या सिंगापूरनेही तसेच केले. त्याआधीही तेथील घड्याळ सूर्याच्या अर्धा तास पुढे होतेच. असा एकूण एक तास शासनाच्या निर्णयाने आलेला आहे. तिकडे सकाळी सात वाजतानाही उजेड जेमतेम फुटत असतो. तात्यापाऱ्यातील आजी रात्री नऊला नातवाशी बोलायला फोन लावते, तेव्हा तिकडे साडेअकरा झालेले असतात आणि नातू झोपलेला असतो. त्या अडीच तासांपैकी दीड तास पृथ्वीच्या फिरण्याचा आहे. उरलेला एक तास सरकारी आदेशाचा आहे.

येथवर अंतर, वारा, डोंगर, सीमा, जोडणी आणि घड्याळ यांचा विचार झाला. ज्यासाठी हा सारा हिशेब मांडला तो प्रश्न आता समोर ठेवायला हवा. आज रायपूरच्या कितीतरी मराठी घरांत दोन वृद्ध माणसे राहतात आणि मुले पुणे, बंगळूर, सिंगापूर, टोकियो अशी विखुरलेली असतात. समजा, अशा एका घरी रात्री अकरा वाजता वडिलांच्या छातीत दुखू लागले. आईने मुलीला फोन केला. सिंगापुरात तेव्हा रात्रीचा दीड वाजला आहे. मुलगी तत्काळ उठली, तिकीट पाहिले, पहाटेपर्यंत विमानतळ गाठला, सकाळचे विमान मिळाले, भारतात उतरली, पुढच्या विमानासाठी चार तास बसली आणि संध्याकाळी रायपुरास पोहोचली. तिने कोठेही दिरंगाई केली नाही. तरीही फोन आल्यापासून सोळा-अठरा तास गेले. हृदयविकारात जे काही करायचे ते पहिल्या एक-दोन तासांत करायचे असते. जगातील कोणतेही विमान, थेट असले तरी, त्या दोन तासांत तिला आणू शकले नसते.

त्या दोन तासांत वडिलांना रुग्णालयात कोण नेते? शेजारचे घर नेते. समोरच्या दुकानाचा मालक गाडी काढतो. मुलीच्या वर्गातला, गावातच राहिलेला एखादा सोबती रात्री बारा वाजता धावत येतो, अर्जावर सही करतो, रक्ताची सोय पाहतो आणि सिंगापूरला फोन करून सांगतो, “तू निघ, इकडचे आम्ही पाहतो.” अंतर विमान कापते, पण मधला वेळ माणसेच सांभाळतात. ‘पारा’ या शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. ज्या वस्तीत माणसे एकमेकांचा मधला वेळ सांभाळतात, तिला पारा म्हणावे.

दूर गेलेल्या मुलांना याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. तात्यापाऱ्यातील पूर्वजही कोणाचे तरी घर सोडूनच येथे आले होते. नागपूर, वर्धा, पुणे, कोकण येथे त्यांच्याही आया दाराशी उभ्या राहिल्या असतील, आणि त्या काळी तर पत्र पोहोचायलाच आठवडे लागत. ज्यांनी दोन आठवड्यांच्या बैलगाडीने घर सोडले त्यांच्या नातवंडांनी बारा तासांच्या विमानाने घर सोडले, यात कुळाची रीत मोडली असे म्हणता येणार नाही. मात्र त्या पूर्वजांनी येथे येताच जे केले तेही स्मरणात ठेवावे. त्यांनी वस्ती केली, देवळे केली, मंडळे केली, शाळा केल्या. ज्यांच्यापासून ते दूर झाले त्यांच्या जागी त्यांनी नवी माणसे जोडली.

मराठी शाळेचे मोल पालक पुष्कळदा केवळ पुढच्या नोकरीच्या मापाने मोजतात. मराठीतून शिकलेले मूल सिंगापूर-टोकियोच्या स्पर्धेत टिकेल काय, ही चिंता प्रामाणिक आहे आणि तिची टिंगल होऊ नये. ओइशी यांच्या गोष्टीतून एवढे दिसतेच, की ज्ञान जगापुढे ठेवायचे तर जग जी भाषा वाचते ती यावी लागते. म्हणून इंग्रजी उत्तम शिकलीच पाहिजे. परंतु रेखावृत्त म्हणजे काय, वारा वेगात मिळवायचा की वजा करायचा, हे ज्या मुलाला घरच्या भाषेत एकदा उमगले त्याला ते कोणत्याही देशात विसरता येत नाही. आणि सोबत बसून एका भाषेत जे उदाहरण सोडवले, त्यातून जुळलेला स्नेह पन्नास वर्षांनी रात्री बारा वाजता दार ठोठावतो. या मिळकतीची नोंद गुणपत्रिकेत नसते.

म्हणून हीरक महोत्सवाच्या या प्रसंगी माजी विद्यार्थ्यांपुढे एक छोटी, व्यवहारातली सूचना ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक तुकडीने आपली एक यादी करावी. परगावी कोण आहे, गावात कोण आहे, कोणाचे आईवडील एकटे राहतात, त्यांच्या घराची किल्ली कोणाकडे असते, औषधे आणि डॉक्टर कोणते, रात्री पहिला फोन कोणाला करायचा, हे सारे तिच्यात असावे. जे परदेशी आहेत त्यांनी पारपत्राची मुदत पाहत राहावी. ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले असेल त्यांनी भारतात येण्याची कागदपत्रे हाताशी ठेवावीत. आणि आपल्या शहरातून रायपुरास येण्याच्या दोन निरनिराळ्या वाटा, एक जवळची आणि एक खात्रीची, आधीच ठरवून ठेवाव्यात. जे गावात आहेत त्यांनी महिन्यातून एकदा यादीतल्या एका घरी चहाला जावे. या सूचनेला खर्च नाही, समिती नाही, उद्घाटन नाही. पण तिच्यामुळे सोळा तासांच्या प्रवासातील पहिले दोन तास भरून निघतील, आणि नेमके तेच दोन तास विमानाला कधी भरता येत नाहीत.

रायपूर ते सिंगापूर हे अंतर ३,२७० किलोमीटर आहे. उद्या थेट विमान सुरू झाले तरी ते तेवढेच राहील. फक्त वेळ उतरेल. परवा आणखी वेगवान विमान निघेल, वेळ आणखी उतरेल. तोपर्यंत आणि त्यानंतरही, दाराशी पहिल्यांदा पोहोचणारे पाऊल शेजाऱ्याचे आणि बालमित्राचेच असणार आहे. शाळेने साठ वर्षे मुलांना अंतराला वेगाने भागायला शिकवले. आता त्या मुलांनी आपापला वेळ एकमेकांत वाटून घ्यावा, एवढीच या प्रसंगी अपेक्षा.